वाकडं पाऊल कोणाकडून आलं?

मखमलाबादकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सात आठवड्यांपूर्वी आम्हाला मुलगा झाला. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघतायत, टाचा वर ओढलेल्या. क्लबफूट. दहाव्या दिवशी पहिलं प्लास्टर घातलं, आता पाच झाली. येत्या सोमवारी टाचेमागची शीर सैल करायची छोटी शस्त्रक्रिया आहे. उपचारांबद्दल शंका नाही. दर आठवड्याला प्लास्टर निघालं की पाऊल आधीपेक्षा सरळ झालेलं दिसतं.

अडलंय वेगळीकडेच. प्लास्टरमुळे लांबवलेलं बारसं परवा झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या चालू असतानाच माझी चुलती सासूबाईंना सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कोणाचंच नाही हो. तुमच्याकडे होतं का कोणाला?" सासूबाई गप्प. बायको त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते, कारण मी तिथेच उभा होतो आणि मीही गप्प होतो. तिचा एक चुलत मामा लंगडत चालायचा. का, ते कोणालाच माहीत नाही. पण आमच्या घरी सध्या त्या गेलेल्या माणसावर खटला चालू आहे.

तर, हे आनुवंशिक असतं का? असेल तर आईकडून की बापाकडून? दुसरं मूल झालं तर त्यालाही होईल का? जनुकांची तपासणी करून काही कळतं का?

प्राजक्ता_कॉलेजरोड
आधी बाळाचं अभिनंदन. ते कोणी केलंच नसेल, आमचंही राहिलं होतं.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. उजवं पाऊल. सहा प्लास्टर, मग शीर, मग शेवटचं तीन आठवड्यांचं प्लास्टर, मग बूट-पट्टी, म्हणजे एका आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट. अनुभवाने सांगते, प्लास्टर सोपं, कारण ते आपल्याला काढता येत नाही. खरी परीक्षा बुटांची. पहिले तीन महिने दिवसातले 23 तास, मग चार वर्षांची होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेला. बुटाच्या मागे भोक असतं, त्यातून टाच दिसली पाहिजे. दिसली नाही तर पाऊल वर सरकलंय, पट्टे काढा आणि पुन्हा घाला. मध्यरात्री मोबाईलच्या उजेडात मी ते भोक किती वेळा बघितलं असेल त्याला गणती नाही. पट्टी पाळण्याच्या दांड्यावर आपटायची, खालच्या मजल्यावरचे काका विचारून गेले की तुमच्याकडे रात्री सुतारकाम चालतं का. शेवटी सासूबाईंनी जुन्या नऊवारीची चिंधी गुंडाळली तिला.

घराण्याचं म्हणाल तर आमच्याकडे दोन्ही बाजूंना कोणीच नाही. सासूबाईंनी सात पिढ्या धुंडाळल्या. एक वेडसर काका तेवढा निघाला.

टवाळ_तपोवन
'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण ज्याने काढली त्याला शोधतोय.

मखमलाबादकर
हसलो. बारशानंतर पहिल्यांदा.

अस्थिर_डॉक्टर
हाडांचा डॉक्टर आहे, लहान मुलांचे पाय हे रोजचं काम. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

हजार जन्मांमागे साधारण एक बाळ असं येतं. मुलींच्या दुप्पट मुलगे, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय. पाचातल्या चौघांना पायाव्यतिरिक्त काहीही नसतं. पाचव्याला मणक्याचा, सांध्यांचा किंवा एखाद्या सिंड्रोमचा भाग म्हणून होतं, त्याचा हिशेब वेगळा. पुढचं सगळं त्या चौघांबद्दल.

आनुवंशिक आहे का? आहे. पण आजोबांचं नाक नातवाला येतं तितकं सरळ नाही. साधारण चारांतल्या एका बाळाच्या नात्यात आणखी कोणीतरी सापडतं, तिघांच्या सापडत नाही. जुळ्यांकडे बघा. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता 33 टक्क्यांच्या आसपास. साध्या जुळ्यांत 3 टक्के. 1939 सालचे आकडे आहेत, आम्ही अजून तेच सांगतो. दहापट फरक, म्हणजे जनुकांचा हात आहेच. पण तीच जनुकं घेऊन त्याच पोटात वाढलेल्या 67 जणांची पावलं सरळ, म्हणजे सगळा दोष जनुकांचाही नाही.

आता आपल्या नाशिकच्या गोदापात्रातला दुतोंड्या मारुती आठवा. पावसाळ्यात त्याच्या अंगावर आपण काय बघतो? पाणी कुठवर आलं. गंगापूर धरणातून सोडलेलं थोडं, वरच्या अंगाला पडलेलं थोडं, शहरातल्या नाल्यांचं थोडं. एकट्याने कोणीच पूर आणत नाही, सगळं मिळून एका खुणेच्या वर गेलं की पाणी बाजारात शिरतं. इथेही तसंच. आईकडची काही जनुकं, बापाकडची काही, गर्भातलं काहीबाही. बेरीज खुणेच्या वर गेली की पाऊल वळतं. दोन्ही घराण्यांत सगळे धडधाकट असूनही बेरीज वर जाऊ शकते. तेव्हा तुमच्या चुलतीच्या प्रश्नाला वैद्यकाकडे उत्तर नाही. मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी कुठल्या नाल्यातलं, हे कोण सांगणार?

दुसऱ्या मुलाचं. आईबाप दोघांचे पाय चांगले आणि एका मुलाला झालंय, तर पुढच्याला शक्यता 3 ते 4 टक्के. हजारात एकाच्या मानाने खूप वाटते, पण शंभरातल्या 96-97 बाळांचे पाय सरळच असतात. आईबापांपैकी एकाला असेल आणि एका मुलालाही असेल, तर मात्र ती चारांत एकापर्यंत जाते.

सराफबाजार_वारसा
डॉक्टर, दुतोंड्याच्या कमरेला पाणी म्हणजे आमच्या दुकानात पाणी. उदाहरण समजलं, पण छातीत धस्स झालं.

निफाडचा_बागवान
जुळ्यांचं पटलं. थॉमसन द्राक्षांची बाग आहे. सगळी कलमं एकाच वेलाची, म्हणजे हुबेहूब जुळीच की. खत तेच, पाणी तेच, आणि तरी एका ओळीत एक वेल असा वाकडा वाढतो की तारेवर चढायला तयार नाही. शेजारचा सरळ. घराणं कुठलं काढायचं त्याचं?

सुमनताई_पंचवटी
सगळे शिकलेले आहेत म्हणून कोणी बोलत नाही, मी बोलते. ग्रहण पाळलं होतं का? आमच्या वाड्यात एकीने ग्रहणात भाजी चिरली, बाळाचा ओठ फाटलेला निघाला. दुसरीने पाय दुमडून झोप काढली, पाऊल वाकडं. विज्ञान असेल तुमचं, पण पाळायला काय पैसे पडतात?

अनघा_इंदिरानगर
सुमनताई, रागावू नका, पण हे आमच्या घरात घडलंय. 2022 ला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. मी आणि माझी जाऊ दोघी गरोदर. तिने सगळं पाळलं. पाय लांब करून भिंतीला टेकून बसली, सुपारी कातरली नाही, सुई हातात धरली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. माझं ऑफिसचं काम चालू होतं, मी भर ग्रहणात सफरचंद चिरून खाल्लं. माझा मुलगा ठणठणीत. तिच्या मुलीचं डावं पाऊल वाकडं.

मग घरात ठरलं की तिने नक्की काहीतरी मोडलं असणार! बिचारी आठवून आठवून रडायची, की मी कूस बदलली का, पदराला पिन होती का. शेवटी दिरांनी फाईल काढून तारीख दाखवली. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच 'डावं पाऊल' असं लिहिलेलं होतं, आणि ती सोनोग्राफी सप्टेंबरातली. म्हणजे ऑक्टोबरच्या ग्रहणाने सप्टेंबरात जाऊन पाय वाकडा केला.

सुमनताई_पंचवटी
मग आधीचं एखादं ग्रहण असेल.

टवाळ_तपोवन
ताई, आऊट दिल्यावर थर्ड अंपायरकडे जायचं नसतं.

अस्थिर_डॉक्टर
अनघाताईंनी माझं काम केलं. एवढंच जोडतो, पाऊल आधी नीट घडत असतं आणि बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात वळायला लागतं, म्हणून सोळाव्या आठवड्याआधी सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसलं तरी किती कडक आहे ते जन्मल्यावर हात लावूनच कळतं. कधीकधी तिथे वाकडं दिसतं आणि जन्मतं सरळ.

गर्भारपणातल्या ज्या गोष्टीबद्दल खरंच बोलायला हवं ती तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांत हे जास्त आढळतं, आणि घराण्यातही असेल तर धोका आणखी कितीतरी वाढतो. आपल्याकडे बायका सिगारेट कुठे ओढतात म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अभ्यास सिगारेटवरचे आहेत, पण दात घासायची मिश्रीही तंबाखूच. माझ्याकडे येणाऱ्या आज्या नातसुनेचं ग्रहण पाळतात आणि सकाळी तिच्याच तळहातावर मिश्रीची चिमूट ठेवतात.

लासलगाव_एक्स्प्रेस
माझा जन्म पायाळू. मग मला का नाही झालं?

टवाळ_तपोवन
पायाळू? उसण भरली आहे. कंबरेत लाथ घालायला कधी येताय?

लासलगाव_एक्स्प्रेस
लहानपणी अख्खी गल्ली यायची. आजी माझा पाय धरून लोकांच्या पाठीला लावायची आणि वर चहा त्यांच्याकडून प्यायची. विजा चमकल्या की मात्र मला घरात कोंडायचे, पायाळूवर वीज पडते म्हणून. उतरंडीमागे बसून मी शेंगदाणे खायचो.

अस्थिर_डॉक्टर
पायाळू जन्माचा संबंध खुब्याच्या सांध्याशी जास्त. पोटात अवघडून बसल्याने काही बाळांची पावलं आत वळल्यासारखी दिसतात, पण ती हाताने सहज सरळ होतात आणि आपोआप सुधारतात. क्लबफूट हाताने सरळ होत नाही. फरक तिथेच कळतो.

सेविका_पेठ
अंगणवाडीत काम करते. क्लबफूट हाताने सरळ होत नाही, हे डॉक्टरसाहेबांचं वाक्य आमच्या पाड्यावर कोणी येऊन सांगा. तेल लावून चोळलं की पाय सरळ होतो म्हणून सुईण बाळाला सहा-सहा महिने चोळते. मागच्या वर्षी एका घरी मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी सासरा म्हणाला, देवाने दिलेला पाय आहे, तुम्हाला काय करायचंय. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यांच्या यादीत हा आजार आहे, उपचार फुकट. पण दर आठवड्याला प्लास्टर म्हणजे बाळाला घेऊन नाशिक, येताना एसटीचा घाट, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. पाच आठवडे असं करणारी आई मला सांगा, मी तिचे पाय धरीन. त्या घरातली सून शेवटी माहेरी गेल्यावर तिथून बाळाला प्लास्टरला घेऊन गेली. बाळ आता पळतंय.

आनुवंशिकतेचं मला कळत नाही. पण त्या घरात आजोबांची चालही तशीच होती, हे मी डोळ्यांनी बघितलं.

देवळालीचे_आजोबा
वय 61. दोन्ही पाय जन्मापासून असेच. त्या काळी आमच्या गावात प्लास्टर वगैरे नव्हतं. नवव्या वर्षी मुंबईला नेऊन मोठी शस्त्रक्रिया केली, दोन्ही पायांवर लांब टाके. पाय जमिनीला सपाट टेकले, पण घोटे लाकडी झाले ते आजतागायत. उकिडवं बसता येत नाही. पोटऱ्या काडीसारख्या, म्हणून आयुष्यभर फुलपँट.

लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो तर वडिलांनी ताकीद दिली होती, आधी जाऊन बस, ती आल्यावर उठू नकोस. बसलो. कांदेपोहे झाले, प्रश्न झाले. मुलीच्या वडिलांनी निघताना उठून हात पुढे केला, मग उठावंच लागलं. मुलीने पाय बघितले आणि म्हणाली, "चपला कुठून घेता? दोन्ही पाय एका मापाचे दिसत नाहीत." 35 वर्षं झाली, अजूनही माझ्या चपला तीच आणते. एक सहाची, एक सातची. दोन जोड घ्यावे लागतात, उरलेले पडून असतात.

आम्हाला एक मुलगा, एक मुलगी. दोघांचे पाय चांगले, मला वाटलं सुटलो. दोन वर्षांपूर्वी मुलीला मुलगा झाला, डावं पाऊल वाकडं. दवाखान्यात मी बाहेरच उभा राहिलो, आत जायची हिंमत होईना. जावई बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, डॉक्टर विचारतायत घरात कोणाला आहे का, तुम्ही येऊन सांगता का?" मी आत गेलो, फुलपँट वर केली आणि दाखवलं. त्या तरुण डॉक्टरने माझ्या घोट्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, आता असं कापावं लागत नाही.

प्राजक्ता_कॉलेजरोड
काका...

अनघा_इंदिरानगर
नोकरीच्या ठिकाणी वाचतेय, डोळे पुसायला बाथरूममध्ये आले.

गंगाघाट
सगळं खरं. पण व्यवहाराचं बोलू का? लोक स्थळ बघताना विचारतात. मुलगी असेल तर गप्प बसलेलं बरं. पाय सरळ झाला ना, मग कशाला सांगायचं?

प्राजक्ता_कॉलेजरोड
@गंगाघाट, माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तुम्ही तिचं स्थळ बघताय. मी सांगणार. तिची उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक आहे आणि तशीच राहणार, दोन बुटांत अर्ध्या नंबराचा फरक राहणार. ती शाळेच्या मैदानावर धावते. तिला कविता राऊत व्हायचंय, सावरपाड्याची धावते तर कॉलेज रोडची का नाही, असं तिचं म्हणणं.

इतिहासवेडा
अवांतर: क्रिस्टी यामागुची ही अमेरिकन स्केटर क्लबफूट घेऊन जन्मली होती, 1992 च्या ऑलिंपिकमध्ये तिने फिगर स्केटिंगचं सुवर्ण घेतलं. आणि तुतनखामेनच्या ममीची 2010 मध्ये तपासणी झाली तेव्हा त्याचं डावं पाऊल असंच असावं असं संशोधकांनी मांडलं, बाकीच्या काहींना ते पटलं नाही. थडग्यात मात्र शंभराहून जास्त काठ्या सापडल्यात. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण होते असं त्याच तपासणीत निघालं.

सिन्नर_फाटा
यावरून विचारतो. आमच्यात आते-मामे भावंडांची लग्नं होतात. माझंही तसंच आहे. त्यामुळे होतं का हे?

अस्थिर_डॉक्टर
नात्यातल्या लग्नात दोन्हीकडचं पाणी एकाच ओढ्यातून येतं, त्यामुळे काही आजारांची शक्यता वाढते. त्यातल्या काही दुर्मिळ आजारांत पाऊलही वळलेलं असतं. पण नुसता क्लबफूट असलेल्या माझ्याकडच्या बहुतेक मुलांचे आईबाप नात्यातले नाहीत. तुमचं मूल ठीक असेल तर झोप उडवू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांना नातं मात्र सांगा.

मूळ प्रश्नातली जनुकांची तपासणी राहिली होती. हात आणि पाय वेगळे घडावेत म्हणून काही जनुकं फक्त पायांकडे काम करतात. त्यातल्या पिटएक्स-वन नावाच्या जनुकात एका मोठ्या कुटुंबात दोष सापडला, 2008 मध्ये. त्याच साखळीतल्या टीबीएक्स-फोरच्या भागातही नंतर काही घराण्यांत गडबड सापडली. पण अशी घराणी मोजकी. साध्या क्लबफूटसाठी सरसकट तपासणी करून हाती काही लागत नाही. बाळाचे इतर सांधे आखडलेले असतील, पाठीवर काही खूण असेल, वाढ मागे असेल, तर गोष्ट निराळी. मखमलाबादकर, तुमच्या डॉक्टरांनी बाळाची पाठ आणि खुबे बघितलेच असतील, एकदा विचारून घ्या.

अनघा_इंदिरानगर
डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. मुलींना कमी होतं म्हणालात. मग माझ्या पुतणीच्या मुलांना पुढे धोका कमीच ना?

अस्थिर_डॉक्टर
उलटं आहे. मारुतीकडेच चला. मुलग्यांची खूण कमरेला, मुलींची छातीला. मुलीचं पाऊल वळलं म्हणजे पाणी छातीपर्यंत होतं, तिच्याकडे जनुकांची भर जास्त. म्हणून ज्या आईला स्वतःला हे होतं, तिच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, शक्यता अधिक. याला कार्टर परिणाम म्हणतात. तरी बहुतांश मुलं सरळ पायांचीच होतात, हे जावेला आधी सांगा, मग बाकीचं.

मखमलाबादकर
मंगळवार. काल शीर झाली. जागा बधिर करून, दहा मिनिटांत बाहेर. बाळ माझ्यापेक्षा कमी रडलं. शेवटचं प्लास्टर घातलंय, तीन आठवडे.

आता घरचं. रविवारी आत्या आली होती, वय 78. मी तिला दुतोंड्याचं सगळं सांगत होतो. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "म्हणजे आप्पामामासारखं." कोण आप्पामामा? तर माझ्या आजीचा धाकटा भाऊ. तो बैलगाडीतून पडून लंगडा झाला, असं आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. आत्या म्हणाली, "गाडीतून कुठला पडतोय. जन्मताच पाऊल उलटं. मागे बहिणी होत्या ना लग्नाच्या, म्हणून गाडीचं सांगायचे." चुलती तिथेच बसली होती. तिने टरफलं गोळा केली आणि आत गेली.

मी बायकोसमोर मोठ्याने म्हटलं, "आमच्याकडे होतं." आणि बारशाला गप्प बसलो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "मग आता माझ्या मामाला जामीन द्या."

टवाळ_तपोवन
जातमुचलक्यावर मंजूर.

देवळालीचे_आजोबा
आप्पामामांचा फोटो असेल तर जपून ठेवा. मुलाला मोठेपणी दाखवा.

मखमलाबादकर
काका, एकच आहे. पायघोळ धोतर आणि पाय टेबलामागे.

प्राजक्ताताई, बूट कोणत्या नंबरापासून सुरू होतात? आणि पायमोजे सुती कुठे मिळतील, दुकानात सगळे नायलॉनचे दाखवतायत.

प्राजक्ता_कॉलेजरोड
बुटाचं माप डॉक्टरच घेतील, आधी विकत घेऊ नका. पट्टीची रुंदीही खांद्यांइतकी लागते, ती तेच ठरवतील. मोजे मेन रोडला मिळाले होते, सहा जोड घ्या, घामाने रोज दोन लागतात. आतली शिवण उलटी करून घाला, नाहीतर बोटांना चिमटते. आणि पट्टीला गुंडाळायची चिंधी आहे माझ्याकडे, धुऊन ठेवलीय. निरोप टाका, कॉलेज रोडला आलात की घेऊन जा.